डॉक्टर मोजायचा कशानं?

आपल्या सीमाभागातल्या घरांत भाषांची वाटणी आपोआप झालेली असते. हिशेब एका भाषेत, भांडण दुसऱ्या भाषेत, आणि पाहुणा बघून दोन्हींची मिसळ. पण दुखणं मात्र माणूस आईच्या भाषेतच सांगतो. माझी आई कानडी घरातली. पन्नास वर्षं मराठी संसार केला, मराठी वर्तमानपत्र वाचते, मालिका मराठी बघते. पण पोटात जळजळ सुरू झाली की तोंडून शब्द येतो तो ‘होट्टी संकट’. एकदा एका दवाखान्यात नव्यानंच लागलेल्या मराठी डॉक्टरांनी तो ऐकला आणि अगदी आस्थेनं विचारलं, ‘‘आजी, घरी काही संकट आलंय का?’’ आम्ही सगळे हसलो. मी मध्ये पडून अर्थ सांगितला, औषध मिळालं, काम झालं.

ते डॉक्टर हुशार होते, आस्थेवाईकही होते. बारावीनंतर किती परीक्षा देऊन ते त्या खुर्चीपर्यंत पोचले असतील! पण समोरचा माणूस काय म्हणतोय ते कळलं का, हे त्यांना किती परीक्षांत विचारलं गेलं असेल? मी काही वैद्यकातला माणूस नाही. एम. ए. होऊन कॉलेजात मराठी शिकवतो. पण पेपर काढण्यात, तपासण्यात आणि तोंडी परीक्षा घेण्यात बरीच वर्षं गेली आहेत. त्यातून एक गोष्ट पक्की कळली आहे. जे परीक्षेत येत नाही, ते बहुतेक मुलं शिकत नाहीत. मग डॉक्टरच्या अंगी जे जे असावं असं आपल्याला वाटतं, ते कुठल्या परीक्षेनं तपासायचं?

हा प्रश्न माझ्यासमोर नीट उलगडला तो ह्या उन्हाळ्यात, बुऱ्हाणपूरला. भुसावळ मागे टाकलं की रावेर, आणि महाराष्ट्राची हद्द संपली की लगेच बुऱ्हाणपूर. तेही आपल्यासारखंच सीमेवरचं गाव. कागदोपत्री मध्यप्रदेश, बाजारात हिंदी आणि उर्दू, अनेक घरांत मराठी. तिथल्या इतवाऱ्यात माझी थोरली बहीण दिली आहे. आपल्याकडे जशी रविवार पेठ, तसा तिकडचा इतवारा.

ताईची मुलगी मध्यप्रदेशातल्या एका सरकारी कॉलेजात एम.बी.बी.एस.च्या शेवटच्या वर्षाला आहे. सुट्टीत घरी आली होती, पण सुट्टी नावालाच. ‘‘मामा, जरा घड्याळ घेऊन बसता का? माझी ऑस्की घ्या,’’ म्हणाली. मला वाटलं, काहीतरी खेळ असेल.

ऑस्की म्हणजे ‘ऑब्जेक्टिव्ह स्ट्रक्चर्ड क्लिनिकल एक्झामिनेशन’. स्कॉटलंडमधल्या डंडी इथं रोनाल्ड हार्डन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही पद्धत काढली आणि १९७५ साली ती छापून प्रसिद्ध केली. एका दालनात दहा-बारा टेबलं मांडायची. प्रत्येक टेबलावर एकच काम. एकीकडे रक्तदाब घ्या, एकीकडे एक्स-रे वाचा, एकीकडे रुग्णाशी बोलून आजाराची माहिती काढा. पाच मिनिटं झाली की घंटा, आणि विद्यार्थी पुढच्या टेबलावर. परीक्षकाच्या हातात छापील यादी असते. ओळख करून दिली, एक गुण. तपासायची परवानगी घेतली, एक गुण. सगळ्यांना तेच टेबल, तीच यादी.

त्याआधीची पद्धत काय होती? ‘लाँग केस’. ती आजही आपल्याकडे आहेच. विद्यार्थ्याला एक रुग्ण द्यायचा, त्यानं त्याला तपासायचं, मग परीक्षकांपुढे येऊन सगळं सांगायचं आणि प्रश्नांची उत्तरं द्यायची. खरा रुग्ण, खरा आजार, ही तिची मोठी बाजू. पण बहुतेक वेळा परीक्षक फक्त सांगणं ऐकतात; विद्यार्थी रुग्णाशी कसा बोलला, हात लावण्याआधी त्याला विचारलं का, हे कुणी पाहत नाही. शिवाय एका मुलाच्या वाट्याला सरळ हृदयाचा आजार येतो, दुसऱ्याच्या वाट्याला काही धड न सांगणारा म्हातारा. एक रुग्ण, एक दुपार, दोन परीक्षक. एका शितावरून भाताची परीक्षा होते हे खरं, पण माणसाची होत नाही. हृदयाचा रुग्ण छान तपासणारा मुलगा पोटाच्या रुग्णापुढे अडखळू शकतो. हार्डन यांनी नशिबाचा हा भाग कमी केला.

तर आमची परीक्षा सुरू झाली. रुग्ण म्हणून ताईच्या सासूबाई खुर्चीत बसल्या. त्यांना खरोखरच बारा वर्षांपासून साखर आहे, त्यामुळे नाटकाची गरज नव्हती. भाचीनं नमस्कार केला, नाव सांगितलं, परवानगी घेतली. साखर कधीपासून, तहान किती लागते, पायाला मुंग्या येतात का, डोळे तपासले का, गोळ्या रोज घेता का. आजी ‘हो’, ‘नाही’ म्हणत गेल्या. चक्कर येते का? तर म्हणाल्या, ‘‘कधीकधी जीव घाबरा घाबरा होतो.’’ भाचीनं मान हलवली, ‘‘काळजी करू नका’’ म्हणाली आणि पुढचा प्रश्न विचारला. घंटा म्हणून मी ताटलीवर चमचा वाजवला. यादीतल्या वीसपैकी एकोणीस खुणा झाल्या होत्या.

रात्री जेवताना आजींनी ताट बाजूला सारलं. एकादशी होती. बोलता बोलता कळलं, की एकादशीला आणि गुरुवारी त्या संध्याकाळपर्यंत काही खात नाहीत. ‘‘आणि गोळी?’’ भाचीनं विचारलं. आजी अभिमानानं म्हणाल्या, ‘‘ती कधी चुकवत नाही हो. डॉक्टरांनी रोज घ्या म्हणून सांगितलंय ना!’’ भाची हातातला घास ठेवून बघतच राहिली. साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या उपाशीपोटी घेतल्या तर साखर नको तितकी खाली जाते. घाम फुटतो, हात थरथरतात, जीव घाबरा होतो. वेळेवर लक्षात आलं नाही तर माणूस बेशुद्धही होतो. दुसऱ्याच दिवशी त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरांना विचारून उपासाच्या दिवसाचं गोळीचं ठरवून घेतलं.

गोळ्या रोज घेता का, ह्या प्रश्नाला ‘हो’ हे उत्तर खरं होतं आणि त्याचा गुणही बरोबर दिला होता. धोका त्या ‘हो’मध्येच होता. आता ह्यावरून कुणी म्हणेल, ही ऑस्की कुचकामीच. तसं मला वाटत नाही. भाची ओळख करून देत होती, परवानगी घेत होती, पायाच्या मुंग्यांबद्दल विसरत नव्हती, ते ह्याच परीक्षेच्या तयारीमुळे. इतवाऱ्यातून बाजारात गेलं तर कापड मीटरनं मिळतं आणि मावा किलोनं. मीटरपट्टीनं मावा मोजता येत नाही म्हणून कुणी ती मोडून टाकत नाही. कशाला कुठलं माप लावायचं, एवढंच ठरवायचं असतं.

हे ठरवण्यासाठी वैद्यक-शिक्षणातल्या जाणत्यांनी पुष्कळ डोकं लढवलं आहे. जॉर्ज मिलर ह्या अमेरिकन शिक्षकानं १९९० साली चार पायऱ्या सांगितल्या. विद्यार्थ्याला माहीत आहे का. ते कसं वापरायचं हे माहीत आहे का. करून दाखवता येतं का. आणि शेवटची, रोजच्या कामात तो ते खरोखर करतो का. पहिल्या दोन पायऱ्यांना लेखी परीक्षा पुरते. तिसरीला ऑस्की. चौथीला मात्र परीक्षेचं दालन सोडून वॉर्डातच जावं लागतं, कारण ‘करून दाखवणं’ आणि ‘करणं’ ह्यांत फरक आहे. परीक्षेच्या दिवशी सगळेच नमस्कार करतात. रात्री दोन वाजता, विसाव्या रुग्णाला कोण करतं, हा खरा प्रश्न.

अमेरिकेत निवासी डॉक्टरांच्या शिक्षणावर देखरेख करणाऱ्या संस्थेनं १९९९ साली डॉक्टरच्या अंगच्या सहा गोष्टी ठरवल्या. रुग्णसेवा, वैद्यकीय ज्ञान, स्वतःच्या कामातून शिकणं, लोकांशी वागणं-बोलणं, व्यावसायिक सचोटी आणि आरोग्यव्यवस्थेचं भान. पुढच्याच वर्षी परीक्षेच्या तेरा पद्धतींची एक साधनपेटीच त्यांनी काढली आणि कशाला काय वापरावं हेही सांगितलं. ज्ञानाला लेखी प्रश्न. हाताच्या कौशल्याला पुतळ्यावरचा सराव आणि प्रत्यक्ष निरीक्षण. बोलण्याला शिकवून तयार केलेला रुग्ण आणि खऱ्या रुग्णांचं मत. सचोटीला नर्स, सहकारी, रुग्ण अशा चहूबाजूंच्या लोकांना विचारणं.

हाताच्या कौशल्याचं महत्त्व तर बुऱ्हाणपुरात वेगळं सांगायला नको. शाहजहानची बेगम मुमताज महल १६३१ साली ह्याच गावात चौदाव्या बाळंतपणात गेली. तिला आधी तापीपलीकडे जैनाबादेत दफन केलं होतं, मग आग्र्याला नेलं. ताजमहालाची गोष्ट सगळे सांगतात, पण ती मुळात एका बाळंतिणीच्या मृत्यूची गोष्ट आहे. बाळंतपणानंतर रक्त थांबत नसेल तर काय करायचं, ह्यावर दहा गुणांचं सुरेख उत्तर लिहिणारी मुलगी आणि त्या क्षणी हात न थरथरता ते करणारी मुलगी, ह्या दोघी एकच असतील असं नाही. ते आधी पुतळ्यावर, मग कुणाच्या नजरेखाली प्रत्यक्ष करूनच तपासावं लागतं.

आपल्या देशातही हे वारं आलं आहे. त्या वेळच्या मेडिकल कौन्सिलनं २०१८ साली क्षमतांवर आधारलेला नवा अभ्यासक्रम तीन खंडांत काढला आणि २०१९ च्या तुकडीपासून तो लागू झाला. २०२० साली कौन्सिल जाऊन राष्ट्रीय आयोग आला, पण ही दिशा कायम राहिली. भारतीय डॉक्टर पाच भूमिकांत हवा, असं त्यात म्हटलं आहे. उपचार करणारा, पुढारपण घेणारा आणि सांघिक काम करणारा, संवाद साधणारा, आयुष्यभर शिकणारा आणि सचोटीनं व्यवसाय करणारा. वृत्ती, नीती आणि संवाद ह्यांसाठी ‘एटकॉम’ नावाचा वेगळा भागही आहे. २०१९ साली पहिला महिना पायाभरणीचा ठेवला होता. त्याच्या १७५ तासांपैकी ४० तास भाषा आणि संगणकासाठी होते. कागदावर हे सगळं उत्तम आहे.

मग अडतं कुठं? भाचीच्या टेबलावर दोन गठ्ठे होते. एक वॉर्डातल्या कामाच्या नोंदींचा, दुसरा बहुपर्यायी प्रश्नांचा. दुसरा चौपट जाड. पदव्युत्तर शिक्षणाला जागा मिळायची ती ‘नीट पीजी’वर, आणि ती परीक्षा म्हणजे दोनशे बहुपर्यायी प्रश्न. म्हणून इंटर्नशिपचं वर्ष, जे खाटेजवळ शिकायचं, तेच पुष्कळ मुलं प्रश्नसंचात डोकं घालून काढतात. ‘‘मामा, आजीच्या उपासाला तिथं पर्याय नसतो,’’ भाची म्हणाली. ती थट्टेत म्हणाली, पण मला ते लागलं. दोष मुलांचा नाही. ज्या दारातून जायचं, त्या दाराच्या उंचीप्रमाणेच माणूस वाकतो.

दुसरी अडचण माणूसबळाची. ‘मिनी-सीईएक्स’ नावाची एक साधी पद्धत जॉन नॉर्सिनी आणि सहकाऱ्यांनी १९९५ साली मांडली. शिकाऊ डॉक्टर खऱ्या रुग्णाला तपासत असताना शिक्षकानं पंधरा-वीस मिनिटं फक्त बघायचं आणि मग पाच मिनिटं, काय चांगलं झालं आणि काय राहिलं, हे सांगायचं. असं वर्षातून अनेकदा, वेगवेगळ्या शिक्षकांनी, वेगवेगळ्या रुग्णांसोबत. एकाच्या रागालोभाला दुसऱ्याचं मत आवर घालतं. आता हिशेब करा. दीडशे मुलं, प्रत्येकाची सहा निरीक्षणं, प्रत्येकी पंचवीस मिनिटं. झाले ३७५ तास. तेही बाहेर रुग्णांची रांग असताना. नोंदवहीवरच्या सह्या मग शेवटच्या आठवड्यात एकदम होतात, त्याचं गुपित ह्याच आकड्यात आहे.

नेदरलँड्सचे केस व्हॅन डर व्ह्लूटेन ह्यांनी १९९६ साली ह्यावर मार्मिक विचार मांडला. परीक्षेची उपयुक्तता पाच गोष्टींवर ठरते. तिच्यावर भरवसा ठेवता येतो का, जे मोजायचं तेच ती मोजते का, शिकण्यावर तिचा परिणाम काय होतो, लोकांना ती मान्य आहे का, आणि खर्च किती. ह्या गोष्टींची बेरीज नव्हे, गुणाकार करायचा. एक जरी शून्य झाली की सगळंच शून्य. मला ही कल्पना फार पटली. बहुपर्यायी परीक्षा भरवशाची आहे, स्वस्त आहे, सगळ्यांना मान्य आहे. पण ‘जीव घाबरा होतो’ म्हणजे काय, हे ऐकण्याची क्षमता ती मोजतच नाही. त्या एका कामापुरता तिचा गुणाकार शून्य. आणि खाटेजवळचं निरीक्षण नेमकं तेच मोजतं, पण शिक्षकाला वेळच दिला नाही तर तेही शून्य. म्हणून कुठलीही एक परीक्षा पुरत नाही. ज्ञानाला कागद राहू द्या, हाताला पुतळा आणि टेबल राहू द्या, पण ऐकण्याला आणि वागण्याला रोजच्या कामातली पुष्कळ लहान लहान निरीक्षणं हवीत, आणि त्यांचे गुण पुढच्या प्रवेशात धरले जायला हवेत. नाहीतर ती शोभेची.

आता भाषेकडे येतो, कारण तुमच्या-माझ्या घरचा प्रश्न तोच आहे. मध्यप्रदेशात १६ ऑक्टोबर २०२२ रोजी भोपाळला एम.बी.बी.एस.च्या पहिल्या वर्षाची हिंदी पुस्तकं प्रकाशित झाली. त्यावर उलटसुलट पुष्कळ बोललं गेलं. खेड्यातून आलेल्या मुलाला शरीररचना आपल्या भाषेत समजावी, ह्यात वाईट काहीच नाही. पण पुस्तकाची भाषा आणि रुग्णाची भाषा ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पुस्तक हिंदीत आलं तरी इतवाऱ्यातल्या आजी मराठीतच बोलणार, आणि आपल्याकडे पुस्तक कुठल्याही भाषेत असो, निम्मा दवाखाना कानडीत कण्हणार आणि निम्मा मराठीत. स्थानिक भाषेचे तास ठेवले, ठीक. पण त्याची परीक्षा? ऑस्कीत एक टेबल स्थानिक भाषेचं ठेवायला काय हरकत आहे? अशा टेबलासाठी रुग्णाची भूमिका करणारी माणसं शिकवून तयार करता येतात. अमेरिकेत हॉवर्ड बॅरोज ह्यांनी १९६३ सालीच ही युक्ती काढली होती. आपल्या गावागावांत भजनी मंडळं आहेत, नाटकवेड्या लोकांची तर खाणच आहे. निवृत्त शिक्षिका, पोस्टमन, अंगणवाडीच्या बाई, दोन्ही भाषा सहज बोलणारी ही माणसं वैद्यकीय कॉलेजांना फुकट मिळतील. ‘होट्टी संकट’ म्हणजे काय आणि ‘जीव घाबरा’ म्हणजे काय, हे ज्या मुलाला त्या टेबलावर कळेल, त्याला ते रात्री दोन वाजताही कळेल.

आणखी एक वाट उघडी आहे आणि ती थेट आपल्या दारात येते. २०२२ पासून राष्ट्रीय आयोगानं एम.बी.बी.एस.च्या मुलांसाठी कुटुंब दत्तक घेण्याचा उपक्रम सुरू केला आहे. पहिल्या वर्षापासून मुलं नेमून दिलेल्या कुटुंबांना भेटतात, त्यांच्या आरोग्याची चौकशी करतात, नोंदी ठेवतात. कुणाच्या ना कुणाच्या घरी पांढरा कोट घातलेली, वही घेतलेली, थोडी बावरलेली मुलं येतीलच. त्यांना आपण बहुतेक काय करतो? चहा देतो, ‘सगळं बरं आहे’ म्हणतो आणि कागदावर सही करून वाटेला लावतो. म्हणजे एका अर्थी आपणही परीक्षकच, आणि न बघता गुण देणारे.

त्याऐवजी एवढं करून बघा. मुलं आली की घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाला पुढे बसवा. त्यांना त्यांच्याच भाषेत बोलू द्या. आपण मध्ये पडून भाषांतर करण्याची घाई करायची नाही. उपास, काढे, अर्ध्यावर सोडलेल्या गोळ्या, सगळं निघू द्या. आणि शेवटी त्या मुलाला किंवा मुलीला मायेनं विचारा, ‘‘बाळा, आजी काय म्हणाल्या ते आता तू आम्हाला सांग बघू.’’ सांगता आलं तर पाठ थोपटा. नाही आलं तर पुन्हा ऐकायला बसवा. ह्या परीक्षेला फी नाही, घंटा नाही, आणि नापास कुणालाच करायचं नाही.